जुन्या संगणकावर टर्मिनलमध्ये कोरियन अक्षरं: या चुका टाळा

पडद्यावर कोरियनच्या जागी कचरा दिसला तर लगेच फॉन्ट बदलायला जाऊ नका.

दक्षिण कोरियातल्या छांगवॉनच्या एका कारखान्यात मी दोन वर्षं सर्व्हर सांभाळले. यंत्रांजवळचे संगणक विंडोज एक्सपीचे, त्यांवर टेरा टर्म किंवा पुटी ही टर्मिनलं, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आज्ञा टंकायच्या खिडक्या, आणि पलीकडे युनिक्सचा जुना सर्व्हर. भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा आधी फॉन्टच्या यादीत शिरायचा. आपल्याला ही सवय कशी लागली ते मला ठाऊक आहे. शिवाजी, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या काळात फॉन्ट हेच आपलं एन्कोडिंग होतं, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर ते फॉन्टच ठरवायचा. फॉन्ट लावला की मराठी, काढला की रोमन कचरा. कोरियनचं तसं नाही. १९८७ च्या केएस सी ५६०१ या प्रमाणात हानगुल या कोरियन लिपीतल्या २,३५० अक्षरांचे क्रमांक ठरले आणि ईयूसी-केआर हे एन्कोडिंग त्यावरच उभं आहे. फॉन्ट कुठलाही लावा, फाइलमधले बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, तेच राहतात.

म्हणून आधी कचरा नीट बघा, तोच सांगतो बिघाड कुठे आहे ते. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही, आणि फक्त तेव्हाच फॉन्टकडे जा. टोप्या आणि टिंबं असलेली युरोपीय अक्षरं दिसली तर सर्व्हर ईयूसी-केआर पाठवतोय आणि टर्मिनल त्याला लॅटिन समजतंय. कोरियन माणसालाही वाचता न येणारं हानगुल, मधूनच चिनी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं दिसली, तर सर्व्हर यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग बोलतोय आणि तुमचं टर्मिनल जुन्या कोरियनवर अडकलंय. एवढं ओळखायला दहा सेकंद लागतात. मी लोकांना यापायी अख्खी दुपार घालवताना पाहिलंय.

पुटीत मात्र एक खरी अडचण आहे. सर्व्हर यूटीएफ-८ असेल तर ट्रान्सलेशनमध्ये ते निवडलं की काम झालं. ईयूसी-केआर असेल तर तिथे ‘यूज फॉन्ट एन्कोडिंग’ निवडावं लागतं आणि फॉन्टच्या खिडकीत लिपी हानगुल करावी लागते. या एकाच जागी फॉन्ट आणि एन्कोडिंग एकमेकांना बांधलेले आहेत. फॉन्ट घ्यायचा तो गुलिमछे. नुसता गुलिम नको, त्यात अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि टर्मिनलचे रकाने विस्कटतात. नावाच्या शेवटी ‘छे’ असलेले फॉन्ट समान रुंदीचे, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्याच्या संगणकावरून फॉन्टची फाइल उचलून आणू नका. एक्सपीत पूर्व आशियाई भाषांसाठी साधारण २३० एमबी जागा आणि सीडी लागते म्हणून लोक हा आडमार्ग धरतात. फॉन्ट येतो, पण कोड पेज ९४९ या विंडोजच्या कोरियन एन्कोडिंगची रूपांतराची सारणी येत नाही, आणि मग निम्मं चालतं, निम्मं नाही. निम्मं चालणारा संगणक बंद पडलेल्या संगणकापेक्षा जास्त वेळ खातो. सीडी शोधा.

सिरियल केबलने जोडलेलं यंत्र असेल आणि ‘हानगुल’ या शब्दाच्या जागी जी, क्यू, एक आणि चौकोनी कंस दिसत असेल, तर प्रत्येक बाइटचा आठवा बिट गळतोय. एक्सपीतल्या हायपरटर्मिनलमध्ये ७ डेटा बिट आहेत, ते ८ करा आणि पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) काढा.

बॅकस्लॅशच्या जागी वॉनचं चिन्ह दिसणं हा बिघाडच नाही. कोरियन फॉन्ट ते तसंच दाखवतात, बाइट बॅकस्लॅशचाच असतो.

आता ज्या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. २०११ साली आम्ही सर्व्हर ईयूसी-केआरवरून यूटीएफ-८ वर नेत होतो. कामगारांच्या नावांची यादी टेरा टर्ममध्ये केएस ५६०१ लावून पाहिली, सगळी नावं नीट दिसली. हाताखालच्या मुलाने आयकॉन्व्ह हा एन्कोडिंग बदलणारा प्रोग्राम चालवला, तो मध्येच अवैध अक्षर म्हणून थांबला. मुलाने मायनस सी जोडलं, आज्ञा मुकाट पूर्ण झाली आणि त्याने मूळ फाइल पुसून टाकली.

मायनस सीचा अर्थ ‘जे समजत नाही ते टाकून दे’. यादी विंडोजवर बनलेली होती, म्हणजे कोड पेज ९४९ मध्ये. त्यात ईयूसी-केआरच्या २,३५० अक्षरांपलीकडची ८,८२२ अक्षरं जास्त आहेत, एकूण ११,१७२. विंडोजवरचं टर्मिनल केएस ५६०१ या नावाखाली ९४९ वापरतं, म्हणून पडद्यावर सगळं ठीक होतं. आयकॉन्व्हला मात्र ईयूसी-केआर असं सांगितलं होतं. टोम याम या थाई सूपच्या कोरियन नावातलं पहिलं अक्षर घ्या. ते या जास्तीच्या अक्षरांपैकी आहे आणि त्याचा दुसरा बाइट म्हणजे साधं रोमन सी. चुकीच्या रूपांतरात अक्षर नाहीसं होतं आणि एकटं सी मागे उरतं.

आमच्या यादीत सात नावं अशी मोडली. कोरियन नाव बहुतेक वेळा तीन अक्षरांचं असतं, आडनावाचं एक आणि नावाची दोन. त्यातलं एक गेलं म्हणजे माणसाचं एक तृतीयांश नाव गेलं. हे कळलं पगारपत्रकं वाटल्यावर. मी कागद-पेन घेऊन सातही जणांकडे गेलो आणि त्यांच्याकडून नाव लिहून घेतलं. पेंटिंग विभागातल्या एका बाईंनी आपलं नाव मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि मधल्या अक्षराखाली दोनदा रेघ ओढली. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी रूपांतराच्या आज्ञेत ईयूसी-केआर लिहीतच नाही, सीपी९४९, म्हणजे कोड पेज ९४९, लिहितो. ते मोठं आहे, जुनं सगळं त्यात मावतं. आणि नव्या फाइलच्या ओळी कोरियन सहकाऱ्याने वाचेपर्यंत मूळ फाइलला हात लावू देत नाही. मायनस सी वापरणाऱ्याला मी माझ्या सर्व्हरवर बसू देत नाही. घाई असेल त्याने दुसरं काम धरावं.

बॅकस्पेस दाबल्यावर अर्धं अक्षर उरत असेल तर ते बाइटगणिक पुसलं जातंय. ओढाताण न करता कंट्रोल-यू दाबून ओळ पुसा आणि पुन्हा लिहा. सर्व्हर यूटीएफ-८ असलेलं लिनक्स असेल तर एसटीटीवाय या टर्मिनलच्या मांडणीच्या आज्ञेत आययूटीएफ८ चालू करा.

शेवटची चूक टेरा टर्मची. तिथे एन्कोडिंगचे दोन रकाने आहेत, एक येणाऱ्या मजकुराचा आणि एक जाणाऱ्या. लोक पहिला बदलतात, पडदा सुधारला की खूश होतात, आणि मग कोरियन नावाने फोल्डर बनवतात. जाणारा रकाना चुकीचा असल्यामुळे सर्व्हरवर असं नाव उमटतं की दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून ते वाचता येत नाही. अशी फोल्डरं मी आयनोड क्रमांकावरून (डिस्कवरच्या नोंदीचा क्रमांक) शोधून एकेक पुसली आहेत. नवी जोडणी केली की मी ‘हानगुल’ या शब्दातलं पहिलं अक्षर टंकतो आणि ओडी या आज्ञेतून त्याचे बाइट बघतो. ईयूसी-केआरच्या सर्व्हरवर सी७ डी१, यूटीएफ-८ च्या सर्व्हरवर ईडी ९५ ९सी. हे जुळलं तरच पुढची आज्ञा लिहितो.