चार जणांनी तपासलेला मसुदा एकत्र कसा करावा

वाचनालयाची स्मरणिका, देवळाच्या जीर्णोद्धाराचा अहवाल किंवा मच्छीमारांचे निवेदन असे काही लिहून झाले की कोकणात त्याचा मसुदा गावापुरता राहत नाही. एक प्रत मुंबईच्या चाकरमान्यांकडे जाते, एक शुद्धलेखन जाणणाऱ्या पुण्याच्या नातेवाइकाकडे, एक निवृत्त गुरुजींकडे, आणि आठवड्याभरात प्रत्येकाची वेगळी प्रत परत येते. मालवणजवळच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेचे काम करताना माझ्याकडे अशा चार प्रती आणि त्यांशिवाय व्हॉट्सॲपवर आलेली, लाल पेनाने खुणा केलेल्या पानांची छायाचित्रे जमली होती. त्या कामात जी पद्धत बसली, ती येथे देत आहे.

निम्मे काम मसुदा पाठवण्यापूर्वीच होते. गूगल डॉक्समध्ये तपासणाऱ्यांना संपादनाचा अधिकार न देता केवळ ‘कॉमेंटर’चा अधिकार द्यावा, म्हणजे त्यांनी केलेला प्रत्येक बदल मजकुरात थेट न शिरता सूचना म्हणून नावासह नोंदला जातो. त्याआधी व्हर्जन हिस्ट्रीमध्ये त्या वेळच्या आवृत्तीला ‘मूळ मसुदा’ असे नाव देऊन ठेवावे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्याने काहींना वर्डची फाइल पाठवावी लागतेच. तेव्हा ‘रिव्ह्यू’मधील ‘ट्रॅक चेंजेस’ ही प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय सुरू करून ‘लॉक ट्रॅकिंग’ने त्याला पासवर्ड लावावा, कारण खुणा न ठेवता केलेली दुरुस्ती शोधून काढण्यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही.

परत आलेल्या वर्डच्या फाइली ‘कंपेअर’खालील ‘कम्बाइन’ने एकत्र कराव्यात. हा आदेश एका वेळी दोनच फाइली जुळवतो, म्हणून मूळ मसुद्यात पहिली प्रत मिळवून जी नवी फाइल तयार होईल तिच्यात दुसरी, मग तिच्यात तिसरी, असे पुढे जावे. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना हीच सोय ‘ट्रॅक चेंजेस’खाली ‘मर्ज डॉक्युमेंट’ या नावाने मिळते. छायाचित्रांतील दुरुस्त्या मात्र हातानेच उतरवाव्या लागतात. त्या उतरवताना शेजारी टिप्पणीत सुचवणाऱ्याचे नाव लिहावे.

येथे मराठीपुरती एक अडचण येते, आणि ती ठाऊक नसेल तर संगणकावरचा विश्वास उडतो. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: काही कळफलक त्यातील अर्ध्या र साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लावतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करणारा प्रोग्राम त्यांना वेगळे शब्द समजतो. किनारे, वारे आणि दऱ्याखोऱ्या यांनी भरलेल्या आमच्या मजकुरात अशा पोकळ ‘दुरुस्त्यां’नी पाने लाल झाली होती. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. म्हणून फाइली एकत्र करण्यापूर्वी, ट्रॅकिंग तात्पुरते बंद करून, मूळ मसुद्यासह सर्व प्रतींत ही अक्षरे एकाच रूपात आणावीत. एखादी प्रत युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. नाहीतर प्रत्येक परिच्छेद नव्याने लिहिल्यासारखा दिसतो.

एकत्र फाइल तयार झाली की वरून खाली वाचत एकेक सूचना स्वीकारण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकाने जो परिच्छेद पूर्ण वगळला आहे, त्यातलेच ऱ्हस्वदीर्घ दुसऱ्याने तपासलेले असतात, आणि क्रमाने गेल्यास वगळलेल्या परिच्छेदातला एखादा दुरुस्त शब्द एकटाच मागे उरतो. म्हणून पहिल्या वाचनात काय वगळायचे आणि काय हलवायचे एवढेच ठरवावे, दुसऱ्यात तपशील पाहावेत आणि शुद्धलेखन शेवटी घ्यावे. केवळ मांडणीचे बदल ‘शो मार्कअप’मधून वेगळे काढून, दिसणारे सर्व बदल स्वीकारण्याच्या आदेशाने एकदम मार्गी लावता येतात.

खरा वेळ द्यावा तो एकमेकांना छेद देणाऱ्या सूचनांना. १९७० च्या सुमाराच्या एका सभेविषयीच्या वाक्यात ‘रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण’ असे होते. मुंबईच्या तपासणाऱ्याने ‘रत्नागिरी’ खोडून ‘सिंधुदुर्ग’ केले आणि गुरुजींनी शेजारी ‘मूळच बरोबर’ अशी टीप दिली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तेव्हा गुरुजींचे म्हणणे खरे. परंतु आजच्या वाचकाला अडखळायला होते हेही खरे. शेवटी ‘तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण’ असे लिहिले, आणि हा शब्दप्रयोग दोघांपैकी कोणीच सुचवलेला नव्हता. दोन सूचना भांडत असतील तेव्हा वाचक नेमका कुठे अडतो ते पाहून वाक्य नव्याने लिहावे. शेवटी आलेली किंवा वडीलधाऱ्याची सूचना म्हणून ती स्वीकारू नये.

काही बाबतींत मात्र कोणाचा शब्द अखेरचा हे आधीच ठरलेले असावे. ‘रापण ओढायला अख्खी वाडी उतरे’ या वाक्यात पुण्याहून ‘रापण’च्या जागी ‘जाळे’ आले, तसेच एका आजींच्या तोंडचे ‘खंय जातंस?’ हे ‘कुठे जातोस?’ झाले. किनाऱ्यावर उभे राहून दोन्ही टोकांनी अनेक माणसांनी ओढायची रापण ‘जाळे’ म्हटल्याने डोळ्यांपुढे येत नाही. स्थानिक शब्द आणि बोलीतील संवाद यांवर गावातल्या तपासणाऱ्याचा निर्णय अंतिम, आणि शुद्धलेखनावर पुण्याचा, असे आम्ही मग ठरवून टाकले. गुरुजी ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे जुने अनुस्वार देत. १९६२ च्या नियमांनी ते वगळलेले असल्याने आम्ही ते घेतले नाहीत, पण जुन्या इतिवृत्तांतील उताऱ्यांत मात्र मुळाबरहुकूम ठेवले. न स्वीकारलेल्या सूचनेखाली कारणाची एक ओळ लिहावी; आठवडाभर डोळे फोडून वाचणाऱ्याला तेवढा मान मिळायलाच हवा.

छापखान्यात पाठवण्यापूर्वी ‘नो मार्कअप’ निवडून फाइल स्वच्छ झाली असे समजू नये, कारण त्याने खुणा फक्त दडतात, फाइलमध्ये त्या असतातच. प्रत्येक सूचना स्वीकारलेली किंवा नाकारलेली आणि प्रत्येक टिप्पणी काढून टाकलेली आहे याची खात्री करावी, त्या आवृत्तीला नाव द्यावे, मग तिची पीडीएफ काढून ती शेवटपर्यंत उलटून पाहावी. माझ्याच घाईमुळे एका जत्रेच्या पत्रिकेच्या समासात ‘हे नाव मानकऱ्यांना विचारून घ्या’ ही टीप छापून आली होती, आणि पत्रिका वाटून झाल्यावर ती पहिल्यांदा वाचली ती मानकऱ्यांनीच.