इंजिनचे काम करावे की इंजिनच बदलावे? या चुका टाळा

गाडी ऑइल खाऊ लागली, घाटात ओढेनाशी झाली, की "इंजिन गेले" असा निकाल गॅरेजमध्ये झटपट लागतो आणि मालक दुसऱ्या इंजिनाचा भाव विचारू लागतो. मोजमापाआधीच घेतलेला हा निर्णय सर्वांत महागात पडतो.

पेट्रोल गाडीत सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो हे मोजून करावी. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सर्व प्लग काढलेले, इंधन व इग्निशन बंद आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असला पाहिजे. थ्रॉटल बंद राहिला तर धडधाकट इंजिनाचाही आकडा कमी येतो. समजा, तीन सिलिंडर 170 पीएसआय (दाबाचे एकक) दाखवतात आणि एक 120. त्या एका सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्टपणे चढला, तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची पोकळी) झिजले आहे; जागचा हलला नाही, तर दोष बहुधा वॉल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर घ्यावा. अशा वेळी केवळ हेड उतरवून काम भागण्याची शक्यता मोठी असते. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन नंतर थांबत असेल, तर अनेकदा वॉल्व सीलच कडक झालेले असतात, आणि तेवढ्यासाठी इंजिन बदलणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय.

दुसरी चूक अर्धवट कामाची. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या, तर त्या नीट बसत नाहीत आणि ऑइल पूर्वीसारखेच जळते. बोअर गेजने मोजून, गरज असल्यास बोअरिंग करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन घालावेत, आणि त्याच वेळी क्रँकचे (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंगही तपासावेत. मुळातच मिश्रण जास्त दाबणाऱ्या (जास्त कॉम्प्रेशन रेशोच्या) साध्या इंजिनावर टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंप, चढवण्याचा मोह तर रोजच्या वापराच्या गाडीत टाळलेलाच बरा, कारण नॉकिंग (इंधनाचा अवेळी, धक्क्याने होणारा स्फोट) सुरू झाले की पिस्टनच फुटू शकतात.

इंजिन बदलण्याचा हिशेब करताना फक्त इंजिनाची किंमत धरली जाते. वेगळ्या मॉडेलचे इंजिन असेल, तर माउंटिंग, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा), क्लच, रेडिएटर आणि कधीकधी ब्रेक, एवढे सगळे मागोमाग येते. म्हणून बदलायचेच असेल, तर त्याच मॉडेलचे इंजिन निवडावे.

कागदपत्रांकडे होणारे दुर्लक्ष सर्वांत गंभीर आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्याच मॉडेलचे इंजिन बसवतानाही आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन क्रमांक आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवावा आणि विमा कंपनीला कळवावे, अन्यथा अपघातानंतर दावा अडकू शकतो. कुर्ल्यासारख्या बाजारातून जुने इंजिन घेताना क्रमांक खोडलेला वाटला किंवा विक्रेता बिल देण्यास टाळाटाळ करू लागला, तर कितीही स्वस्त असले तरी ते इंजिन घेऊ नये.