कंबर धरलेली असताना यात्रेतल्या पाळण्यात कसं बसावं

बहिरमची यात्रा असो, मार्कंड्याची महाशिवरात्र असो की दिवाळीनंतरची झाडीपट्टीतली मंडई, आकाशपाळणा दिसला की पोरं हात धरून ओढतात आणि मणक्यात गॅप असलेला माणूस पिशव्या सांभाळत खालीच उभा राहतो. दरवेळी तसं करायची गरज नसते. पाठीला त्रास होतो तो धक्क्याने, पिळाने आणि शरीराचं वजन एकदम कमी-जास्त झाल्याने. पाळणा किती उंच आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

काही जणांनी मात्र कोणत्याच झुल्यात बसू नये. वाकताना किंवा खोकताना कमरेतून पायात कळ जाते, पाय बधिर होतो, चालताना पंजा घासतो, अशांनी नाही. हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेल्या म्हाताऱ्या बायांनी नाही. प्लेट किंवा रॉड टाकला असेल, तर हाड पूर्ण जुळल्याचं डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगेपर्यंत नाही.

आपल्या विदर्भात आणखी दोन दुखणी लक्षात ठेवावी लागतात. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तिथलं हाड आतून खचू शकतं. चालताना जांघेत दुखत असेल, तर खुबा तपासल्याशिवाय झुला नको. अशा माणसाने वॉटर पार्कच्या गार पाण्यात डुंबणंही टाळावं, कारण गारठ्याने आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने वेदनेचा झटका येऊ शकतो. दुसरं दुखणं फ्लोराइडचं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन मान-पाठ ताठरलेल्या माणसाचं हाड एक्स-रेत दाट दिसतं, पण असतं ठिसूळ, आणि ताठर मणका धक्का जिरवू शकत नाही.

बाकीच्यांनी तिकीट काढण्याआधी एक पूर्ण खेप खालून पाहावी आणि मोबाइलवर वेळ लावावी. साठ फुटी आकाशपाळण्याला एका फेरीला २० सेकंद लागत असतील, तर वर-खाली होताना वजनात साधारण दहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. पाठीला तो सहज सोसतो. तोच पाळणा १० सेकंदांत फिरवला, तर फरक चौपट होतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. गर्दी वाढली की पाळणेवाले खेपा उरकायला वेग वाढवतात, म्हणून संध्याकाळी लवकर जावं. माणसं समोरासमोरच्या डब्यांत बसवतात का, हेही पाहावं. एकाच बाजूला वजन झालं की पाळणा हिसके देत फिरतो.

कोलंबस नावेत जागा फार महत्त्वाची. नाव दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत चढत असेल, तर खालून जाताना वजन जवळपास दुप्पट जाणवतं. ६० किलोच्या माणसाच्या कमरेवर १२० किलोच्या माणसाइतका भार येतो. टोकाच्या रांगेत बसलेला त्याहून वर उचलला जातो, सीटवरून सुटतो आणि परत आदळतो. मणक्यांमधली गादी सरकलेल्यांना त्रास होतो तो या आदळण्याने. दुखणं जुनं आणि शांत असेल, तर मधल्या रांगेत बसून पाहता येईल. ब्रेक डान्स आणि टोराटोरा या गरगर फिरणाऱ्या झुल्यांत मान बाजूला फेकली जाते, त्यामुळे मानेच्या स्पॉन्डिलायटिसला ते वर्ज्य. सगळ्यात फसवी ती धडकगाडी. वेग कमी, पण मागून धडक कधी बसेल ते कळत नाही, मानेचे स्नायू सावध नसतात आणि मान मागे-पुढे झटकली जाते. लहानांचा खेळ वाटला तरी पाठ-मान दुखणाऱ्याने त्यात बसू नये. घसरगुंडीवरून खाली येताना माकडहाड आपटतं. घोड्यांच्या चक्रीत वर-खाली होणारा घोडा सोडून स्थिर बाकावर बसावं.

जमीनही बघावी. काळ्या मातीत अवकाळी पाऊस पडून गेला असेल, तर लोखंडी पायांखालचे लाकडी ठोकळे रुततात आणि सांगाडा एका अंगाला कलतो. ठोकळे चिखलात दबलेले दिसले किंवा जोराचा वारा सुटला असेल, तर कोणीच बसू नये.

बसण्याआधी दहा मिनिटं चालून अंग मोकळं करा. दुखू नये म्हणून आधीच गोळी घेऊन बसू नका, शरीर देत असलेला इशारा त्याने दबतो. कमरेचा पट्टा बांधलात, तरी धक्का मणक्यापर्यंत पोचतोच. पाळणेवाल्याला आधीच सांगा, ‘कमरेचा त्रास आहे, हात वर केला की थांबवा.’ तो हो म्हणाला नाही तर तिकीट काढू नका. डबा पूर्ण थांबल्यावरच चढा. आधी बूड टेका, मग दोन्ही पाय सोबत आत घ्या. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत डबा हलला की कमरेला पीळ बसतो. पोराला उचलून आत ठेवायचं काम दुसऱ्याला द्या आणि त्याला मांडीवर न घेता शेजारी बसवा. पाठ टेकलेली, तळवे सपाट, दोन्ही हात दांड्यावर, नजर समोर. फोटोसाठी मागे वळू नका. दांड्याची पिन लागली की नाही, ते स्वतः ओढून पाहा.

उतरल्यावर पाच मिनिटं सावकाश चाला आणि अर्धा तास दुसरा झुला घेऊ नका. दोन्ही पायांत कमजोरी आली, जांघेच्या आत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण आहे आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

यात्रेला जाता-येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसू नका. तिला स्प्रिंग नसते, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या खड्ड्यांत कंबरेला जेवढे दणके बसतात तेवढे आकाशपाळण्यात बसत नाहीत. एसटीने जा, मधल्या सीटवर बसा; मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट सोडा. गादीचं दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं वर काढतं, म्हणून त्या दिवशी कापसाचं गाठोडं किंवा भरलेला फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका.