नव्या बाईला पहिल्या तपासणीला नेताना

अकरा वर्षं मी भुसावळ स्टेशनच्या भागात आणि हायवेवरच्या ढाब्यांवर धंदा केला, मग पीअर झाले, म्हणजे धंद्यातल्या बायांना माहिती देऊन तपासणीला नेणारी त्यांच्यातलीच बाई. आता नव्या पीअर मुली माझ्यासोबत फिरतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

पहिल्या भेटीत एचआयव्हीचं नाव काढू नका. जेवलीस का, पोरं कुणाकडे असतात, इथून बोला. "निरोध वापरतेस का?" असं विचारलं तर प्रत्येक बाई हो म्हणते. "कुणासोबत वापरत नाहीस?" असं विचारा. मग खरं बाहेर येतं: "तो ते मन्हा माणूस शे, त्याले कसाले निरोध?" धोका बहुतेक वेळा इथेच असतो. अनोळखी ड्रायव्हरशी ती भांडून निरोध लावायला लावते, पण घरच्या माणसाला म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं. त्यानंतर विचारा दारूचं, जास्त पैसे देऊन बिननिरोध मागणाऱ्याचं आणि खाली जखम किंवा घाण पाणी जातं का, याचं. जखम असली की विषाणूला वाट सोपी होते, म्हणून गुप्तरोगाचा इलाज लगेच करा. खोबरेल तेल लावणाऱ्या बाया खूप भेटतात. तेलाने निरोध फाटतो, हे स्पष्ट सांगा.

"आमच्यात सगळ्यांनाच असतो, तपासून काय करू?" हे हमखास ऐकाल. २०२१ च्या सरकारी पाहणीत देशभरातल्या आपल्यासारख्या बायकांमध्ये प्रमाण १.८५ टक्के निघालं. म्हणजे शंभरात दोनही नाहीत. इतरांपेक्षा ते कितीतरी जास्त आहे, पण सगळ्यांना नाही. हे ऐकून कितीतरी जणी उठून उभ्या राहिल्या आहेत.

सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते. आत जाण्याआधी तिला सांगा: तुझ्या संमतीशिवाय रक्त घेता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, २०१७ चा कायदा आहे. एका दवाखान्यात माझं नाव व्हरांड्यात मोठ्याने पुकारलं होतं. त्या दिवशी मी रिपोर्ट न घेताच परतले. म्हणून आता मी बाईसोबत शेवटपर्यंत बसते.

त्याच वेळी गरमीचीही (सिफिलिस या गुप्तरोगाची) तपासणी करून घ्या. एचआयव्ही निगेटिव्ह आला तरी अलीकडे धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा न्या, नंतर दर सहा महिन्यांनी. निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, जितक्या लवकर तितकं बरं. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांच्या इलाजाची, चौकशी करा, उद्यावर टाकू नका. रोज न चुकता गोळी घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या आणायची तारीख मी फोन करून आठवण करून देते. घरी कळू नये म्हणून माझा नंबर तिच्या फोनमध्ये 'शिवणवाली मावशी' या नावाने असतो.