दहा एपी, एक कंट्रोलर: सगळं वायफाय एका जागेवरून कसं सांभाळायचं

दोन-तीन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे, पुढे नुसतं एपी) असले की प्रत्येकाच्या पेजवर जाऊन पासवर्ड बदलणं खपून जातं, पण तोच आकडा आठ-दहावर गेला की एकावर जुना पासवर्ड राहून जातो, दुसऱ्यावर चॅनल भलतंच असतं, तिसऱ्याचं लॉगिन कुणालाच आठवत नाही आणि लोक मात्र एकच तक्रार करतात, वायफाय कधी चालतं कधी नाही. अशा वेळी कंट्रोलर सॉफ्टवेअर, म्हणजे सगळे एपी एका जागेवरून चालवणारा प्रोग्रॅम, टाकून घ्यायचं आणि सगळे एपी त्याच्या ताब्यात द्यायचे. मी इथे युबिक्विटी कंपनीचं युनिफाय धरून लिहितोय, टीपी-लिंकचं ओमाडा किंवा दुसरं काही असेल तर बटणांची नावं आणि पोर्ट नंबर वेगळे निघतील, डोकं तेच लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. कंट्रोलर बंद पडला की वायफाय बंद पडतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. युनिफायमध्ये युजरचा डेटा कंट्रोलरमधून जातच नाही, तो एपीवरून स्विचवर आणि तिथून राउटरकडे सरळ जातो. कंट्रोलर फक्त सेटिंग पाठवतो, आकडेवारी गोळा करतो आणि फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकतो, त्यामुळे तो बंद असला तरी एपी शेवटच्या सेटिंगवर आपलं काम करत राहतात. गेस्ट पोर्टल, म्हणजे ते लॉगिनचं पान, कंट्रोलरवरच होस्ट केलेलं असेल तर मात्र ते अडतं. मोठ्या कंपन्यांच्या काही सिस्टिममध्ये सगळा डेटा कंट्रोलरपर्यंत टनेलने नेतात, तिथला हिशोब वेगळा.

आता मशीन. कंट्रोलर कुठल्यातरी लॅपटॉपवर टाकून तो लॅपटॉप घेऊन निघून जाणं हा फार लोकप्रिय प्रकार आहे, तो करू नका. छोटं लिनक्स मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या, कायम चालू राहील असं, आणि त्याला यूपीएस द्या. आतमध्ये मोंगोडीबी हा डेटाबेस चालतो आणि अचानक वीज गेली की तो बिघडू शकतो, मग सर्व्हिस सुरूच होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, पक्का करा, डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटणारी सोय) रिझर्व्हेशन करा नाहीतर मशीनवरच स्टॅटिक द्या, पण एपी जोडायच्या आधी करा. पुढे होणारे अर्धे घोळ ह्या एका गोष्टीवरून होतात.

कारण काय, तर कंट्रोलर एपीला शोधत बसत नाही, एपीच दर काही सेकंदांनी कंट्रोलरला जाऊन आपली खबर देतो, ह्याला इन्फॉर्म म्हणतात आणि ते टीसीपी पोर्ट ८०८० वर चालतं. म्हणजे एपीला कंट्रोलरचा पत्ता माहीत असायला हवा. दोघं एकाच नेटवर्कमध्ये असतील तर ब्रॉडकास्टवर ओळख होते, नवीन एपी लावला, लाइट पांढरा स्थिर झाला की तो कंट्रोलरच्या यादीत दिसतो, तुम्ही अडॉप्ट (ताब्यात घे) दाबायचं, थोड्या वेळाने लाइट निळा होतो. संपलं.

मजा येते ती एपी आणि कंट्रोलर वेगवेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यांत, असतात तेव्हा. तिथे तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी, तुमच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) युनिफाय (unifi) ह्या नावाची एन्ट्री करून ती कंट्रोलरच्या आयपीवर वळवा, कारण नवा एपी फॅक्टरीतून हेच नाव शोधत येतो. दुसरी, डीएचसीपी ऑप्शन ४३, म्हणजे एपीला आयपी देतानाच कंट्रोलरचा पत्ताही सांगायचा, त्यात आधी ०१ ०४ आणि पुढे आयपीचे चार आकडे हेक्समध्ये लिहायचे, उदाहरणार्थ कंट्रोलर १९२.१६८.१.१० वर असेल तर पूर्ण व्हॅल्यू होते ०१ ०४ सी० ए८ ०१ ०ए (ओमाडावाल्यांसाठी ऑप्शन १३८). तिसरी, एसएसएचने (लांबून कमांड देण्याची सोय) एपीवर शिरा, नव्या किंवा रिसेट केलेल्या एपीचं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही यूबीएनटी (ubnt), आणि सेट-इन्फॉर्म (set-inform) कमांडला कंट्रोलरचा पूर्ण पत्ता द्या, पुढे पोर्ट ८०८० आणि शेवटी इन्फॉर्म हा पाथ. एक-दोन एपी असतील तर हे बरं, वीस असतील तर डीएनएसच करा.

अडकलंच तर एसएसएचमध्येच नुसतं इन्फो (info) टाइप करा. शेवटच्या ओळीत स्टेटस येतं आणि कंसात तो कुठल्या पत्त्यावर जातोय तेही येतं. ही एक ओळ कंट्रोलरच्या सगळ्या रंगीत पानांपेक्षा जास्त कामाची. अनेबल टू रिझॉल्व्ह दिसलं तर डीएनएस बघा, टाइमआउट दिसलं तर मध्ये फायरवॉल अडवतोय किंवा आयपी चुकलाय, सर्व्हर रिजेक्ट दिसलं तर घाबरू नका, एपी कंट्रोलरपर्यंत पोचलाय, फक्त आत घेतलेला नाही, एक तर अडॉप्ट दाबायचं राहिलंय नाहीतर तो आधी दुसऱ्या कंट्रोलरकडे होता, अशा वेळी मागचं रिसेट बटण दहा सेकंद दाबून धरा.

डॉकरवाल्यांसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्यांसाठी, खास. कंट्रोलर कंटेनरमध्ये असेल तर त्याला स्वतःचा आयपी १७२.१७ ने सुरू होणारा, आतला दिसतो, आणि अडॉप्ट करताना तो एपीला तोच पत्ता कळवून टाकतो. एपी बिचारा त्या पत्त्यावर जायला बघतो, तिथे कुणीच नसतं, म्हणून स्टेटस अडॉप्टिंगवर जातं आणि थोड्या वेळाने डिस्कनेक्टेड, परत परत हेच. सेटिंगमध्ये इन्फॉर्म होस्ट ओव्हरराइड नावाचा टिक आहे, तो लावून खरा आयपी टाका किंवा त्याहून चांगलं म्हणजे होस्टनेम टाका, उद्या मशीन बदललं तर नुसती डीएनएस एन्ट्री बदलून भागतं.

सगळे निळे झाले की एसएसआयडी, म्हणजे फोनवर दिसणारी वायफायची नावं, बनवा. हे एकदाच करायचं, सगळ्या एपीवर आपोआप जातं, ह्यात फार सांगण्यासारखं काही नाही. फक्त संख्या तीनच्या वर नेऊ नका. प्रत्येक एसएसआयडीसाठी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन (मी इथे आहे अशी हाक) पाठवतो आणि तेही सगळ्यात हळू स्पीडला, त्यामुळे स्टाफ, गेस्ट, मीटिंग, साहेब, प्रिंटर असे वेगळे वेगळे काढत बसलात तर हवेतला वेळ त्यातच जातो. गेस्टला वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) द्या आणि स्विचच्या ज्या पोर्टवर एपी आहे तिथे तो व्हीलॅन टॅग्ड आहे का बघा. फोन वायफायला जोडतो पण आयपी मिळवतोय, मिळवतोय असंच दाखवत बसतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा स्विचचा तो पोर्टच असतो आणि लोक उगाच एपी रिसेट करत बसतात.

रेडिओ सेटिंगमध्ये मात्र वेळ घाला. आधी देश बरोबर निवडा, कारण चॅनल आणि पॉवरची मर्यादा त्यावर ठरते. २.४ गिगाहर्ट्झला २० मेगाहर्ट्झची रुंदी आणि १, ६, ११ एवढीच चॅनल, शेजारच्या दोन एपींना एकच नको. ५ गिगाहर्ट्झला बरेच एपी जवळजवळ असतील तर ४० पुरे, ८० चा मोह टाळा, स्पीड टेस्टमध्ये आकडा छान येतो आणि गर्दीत सगळ्यांचंच रडगाणं सुरू होतं. पॉवर हायवर ठेवणं ही सगळ्यांची आवडती सवय, आणि माझ्या मते वायफायचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते, कारण एपीचा आवाज लांब पोचला तरी फोनचा तेवढा पोचत नाही, आणि फोन लांबच्या एपीला चिकटून बसतो, जवळ दुसरा असला तरी. कुठल्या एपीवर जायचं हे शेवटी फोन ठरवतो, कंट्रोलर नाही. म्हणून २.४ लो, ५ मीडियम असं ठेवून एकदा मोबाइल घेऊन पूर्ण जागा फिरून बघा. तरीही चिकटत असतील तर मिनिमम आरएसएसआय (जोडलेल्या फोनच्या सिग्नलची किमान ताकद) -७८ च्या आसपास लावून बघा, पण हे शेवटी, कारण ह्यात एपी क्लायंटला हाकलतो आणि जवळ दुसरा एपी नसेल तर तो परत तिथेच येतो, परत हाकलला जातो.

फर्मवेअर सगळ्यांवर एकदम टाकू नका. एका कमी महत्त्वाच्या एपीवर टाका, दोन-चार दिवस जाऊ द्या, मग बाकीचे, तेही कुणी काम करत नसताना.

शेवटचं बॅकअपचं. ऑटो बॅकअप चालू करा आणि फाइल दुसऱ्या मशीनवर जाईल अशी सोय करा, त्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेल्यावर काय कामाचा. त्याबरोबर सेटिंगमधलं डिव्हाइस एसएसएचचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून ठेवा, अडॉप्ट झाल्यावर यूबीएनटी चालत नाही, आणि बॅकअप नसताना कंट्रोलर गेला व हे पासवर्डही नसले तर शिडी लावून एकेक एपी हाताने रिसेट करावा लागतो. मशीन बदलायचं असेल तर नव्यावर शक्यतो तेच किंवा त्याहून नवं व्हर्जन टाका, जुना कंट्रोलर बंद करा, बॅकअप रिस्टोअर करा आणि नव्याला जुनाच आयपी किंवा तेच होस्टनेम द्या, एपी आपोआप येऊन जुळतात, पुन्हा अडॉप्ट करायची गरज पडत नाही. दोन्ही एकदम चालू ठेवू नका.