एफच्या रकान्यापासून सुरुवात करा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय मिळाला तेव्हा कागदावर दोनच शब्द होते: बीसीएल११ए हा जीन आणि झिंक फिंगर, म्हणजे प्रोटीनची डीएनए धरणारी बोटं. पहिल्या नावातले बी, सी, एल निघाले बी पेशींच्या कॅन्सरचे. मी लाखनीची, भंडारा जिल्ह्यातली. आमच्या घरात दोघं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत, म्हणून मी सिकलसेलवरच काम मागितलं होतं. सरांनी कॅन्सर गळ्यात मारला असं समजून मी आठवडाभर ल्युकेमियावरचे पेपर वाचत बसले. नागपुरात या विषयावर काम करायला येणाऱ्यांनी तो आठवडा वाचवावा. जीनचं नाव तो आधी कुठं सापडला एवढंच सांगतं. तो रक्तात काय करतो ते नावात नाही.

ते मला कळलं सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये, तिथल्या जुन्या टेक्निशियन काकांकडून. मी सिकलसेलच्या एका नऊ वर्षांच्या मुलाचा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट वहीत उतरवत होते. एस किती, ए-टू किती, झालं. काका मागून म्हणाले, "पोरी, एस तं सारेच पायतात. एफ पाय ना. पोरगं काहून खेळून राह्यलं ते तिथं हाय."

आमच्या मशीनच्या आलेखावर एफचं शिखर अगदी सुरुवातीला, मिनिटभरात येतं. एसचं येतं साडेचार मिनिटांच्या आसपास, उंच आणि ठसठशीत, त्यामुळे डोळा तिथंच जातो. त्या मुलाचं एफ होतं २२ टक्के. निरोगी मोठ्या माणसात ते साधारण एक टक्क्याच्या आत असतं.

एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. सिकलसेलमध्ये अकराव्या क्रोमोझोमवरच्या बीटा ग्लोबिनच्या जीनमधलं एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन सुटला की असे एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरखंड होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पेशीत एफ पुरेसं असेल तर हे दोरखंड सहज वळले जात नाहीत. सिकलसेलचं बाळ पहिले पाच-सहा महिने बरं दिसतं ते यामुळेच. जन्माच्या वेळी एफ भरपूर असतं, मग ते उतरत जातं.

ते उतरवतो बीसीएल११ए. हा बसतो दुसऱ्या क्रोमोझोमवर आणि गप्प करतो अकराव्यावरच्या गॅमा ग्लोबिनला, ज्याच्यापासून एफ बनतं. त्याच्या प्रोटीनमधली झिंक फिंगर इथं कामी येतात. साधारण तीस अमिनो आम्लांची एक घडी, तिच्यात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एकच आयन धरून ठेवतात. जस्त काढलं तर घडी उलगडते आणि बोट लुळं पडतं. ही रचना १९८५ मध्ये एरन क्लुग यांच्या गटाने बेडकाच्या एका प्रोटीनवरून मांडली. बीसीएल११एची शेवटची तीन बोटं गॅमा जीनच्या सुरुवातीआधी ११५ अक्षरांवर 'टीजीएसीसीए' हा क्रम चाचपतात आणि तिथंच ठाण मांडतात. ज्यांच्यात नेमकी तीच जागा जन्मतः बिघडलेली असते त्यांचं एफ आयुष्यभर चढं राहतं.

आता माझ्या चुका. त्याच तुमच्या जास्त कामाच्या.

डेटाबेसमधून प्रोटीनचा क्रम उतरवताना मी पहिला दिसला तो घेतला. या जीनपासून लहान-मोठी अनेक प्रोटीनं तयार होतात आणि मी घेतलं होतं त्यातलं आखूड. त्यात शेवटची तीन बोटं नव्हतीच, आणि मी दोन दिवस ती शोधत होते. तुम्ही ८३५ अमिनो आम्लांचा, एक्सएल नावाचा घ्या.

दुसरी चूक महागात पडली. आम्ही जीनच्या दुसऱ्या इंट्रॉनमधला (इंट्रॉन म्हणजे जीनमधला, प्रोटीनमध्ये न उतरणारा तुकडा) आरएस१४२७४०७ हा एका अक्षराचा बदल तपासत होतो. पेपरात लिहिलेलं जी किंवा टी, टी असेल तर एफ जास्त. माझ्या सिक्वेन्सिंगमध्ये मात्र सगळीकडे सी आणि ए. मला वाटलं सॅम्पलमध्ये काहीतरी मिसळलं. डीएनए पुन्हा काढला, पीसीआर पुन्हा लावला, जेल पुन्हा पळवलं. आठ दिवसांनी एका सिनियरने चहा पिता पिता विचारलं, "प्रायमर कोणत्या स्ट्रँडवर लावलास?" डीएनएच्या दोन धाग्यांपैकी, म्हणजे स्ट्रँडपैकी, बीसीएल११ए उलट्या स्ट्रँडवर वाचला जातो. मी जीनच्या बाजूने वाचत होते, पेपरवाले जिनोमच्या. जीचा जोडीदार सी, टीचा जोडीदार ए. बारावीत शिकलेलं. माझा डेटा पहिल्या दिवसापासून बरोबर होता! जिनोमची आवृत्तीही बघून घ्या. जुन्या ३७ आणि नव्या ३८ मध्ये याच जागेचा पत्ता सव्वादोन लाखांहून जास्त अक्षरांनी सरकलेला आहे.

तिसरी चूक माझी एकटीची नाही, ती इथं सर्रास होते. ६० जणांचे एफचे आकडे आणि जीनोटाइप, म्हणजे त्या जागी कोणाकडे कोणती अक्षरं आहेत ते, समोर ठेवले तर काहीच जुळेना. काकांनी यादीवर बोट फिरवलं आणि एकेकाची हकीकत सांगू लागले. हा हायड्रॉक्सीयुरियावर आहे, ती गोळी एफ वाढवते. हिला मागच्याच महिन्यात दोन पिशव्या रक्त चढलं, म्हणजे आकड्यात दात्याचं हिमोग्लोबिनही आलं. हे पोरगं दीड वर्षाचं, त्याचं एफ अजून उतरतंच आहे. जीनचा हिशेब लावण्याआधी या तिघांना बाजूला काढायला हवं होतं. फॉर्मवर मी जात, गाव, मोबाइल सगळं विचारलं होतं, गोळी चालू आहे का एवढंच विचारलं नव्हतं.

विदर्भातल्या रुग्णांमध्ये बहुतेक वेळा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (सिकलसेलच्या जीनसोबत एकत्र वारशाने येणारा बदलांचा संच) सापडतो आणि त्यात एफ मुळातच जास्त असतं. म्हणून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' असं पुस्तकी वाक्य कानावर येईल. वॉर्डात एक दुपार बसा, मग ठरवा. १८ टक्के एफ असूनही दुखण्याने कळवळणारी पोरं मी पाहिली आहेत.

व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो: हा जीन एफला दाबतो, तर तो पूर्ण बंदच का करत नाहीत? कारण तो मेंदूलाही लागतो आणि बी पेशींनाही. ज्यांच्यात याची एक प्रत जन्मतः निकामी असते त्यांचं एफ चढं राहतं, पण बौद्धिक वाढ मागे पडते. म्हणूनच सिकलसेलवरच्या कॅसगेव्ही या उपचारात क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या कात्रीने, जीनचा प्रोटीन बनवणारा भाग कापत नाहीत. कापतात दुसऱ्या इंट्रॉनमधला, लाल पेशींपुरता चालणारा एन्हान्सर, म्हणजे जीनचा जोर वाढवणारा तुकडा. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने १८ कोटींच्या घरात. हे मी लॅबमध्ये सांगितलं तेव्हा काका हसले आणि गोळ्यांच्या खोक्याकडे बघून म्हणाले, "आपली हेच हाय बाप्पा."

थोडं कामाचं. एथिक्स कमिटीचा अर्ज विषय मिळाल्याच्या आठवड्यातच टाका, सही व्हायला महिने जातात. सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, तेव्हा ट्यूब स्कुटीच्या डिक्कीत टाकून सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहू नका. मी राहिले होते. लॅबला पोचले तेव्हा पेशी फुटून प्लाझ्मा लालभडक, आणि ती पाचही मुलं पुन्हा सुई टोचून घ्यायला येणार नव्हती. बर्फाचा डबा न्या, पण ट्यूब बर्फाला थेट टेकवू नका, रक्ताचा बर्फ झाला तरी पेशी फुटतातच.

फॉर्मची नवी प्रत मी लॅबच्या खणात ठेवून आलेय. त्यात वय, गोळी, शेवटचं रक्त कधी चढलं, हे तीन प्रश्न वर आहेत, आणि एफचा रकाना एसच्या आधी. काकांना गाठायचं तर दुपारी अडीचनंतर जा. त्याआधी ते डबा खात असतात आणि कोणालाच ओळख देत नाहीत.