विसापूरचा गवताळ माथा: मुंबईहून एका दिवसाची तयारी

लोणावळ्याजवळच्या विसापूर गडाचा चढ तसा मोठा नाही. गड १०८४ मीटरवर, मळवली स्टेशनपासून सुमारे साडेचारशे मीटर चढायचं. जे सतावतं ते वर पोहोचल्यावर: अवाढव्य उघडं पठार, सावली जवळजवळ नाहीच, आणि पाऊस सरला की मांडीएवढं गवत, ज्याच्या तळाशी काय आहे ते दिसत नाही. सॅक भरायची ती या पठारासाठी.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ धरा. सीएसएमटीहून सकाळी ५:४० ची इंद्रायणी एक्सप्रेस लोणावळ्याला सोडते, दादर-ठाणे-कल्याणहूनही पकडता येते. शनिवार-रविवारी बिनआरक्षित डब्यात उभं राहून पाय आधीच दमवू नका, सेकंड सिटिंगचं तिकीट आठवडाभर आधी काढा. लोणावळ्याहून पुणे लोकलने पुढचं स्टेशन मळवली, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. दुपारी या लोकलमध्ये मोठा खंड पडतो, म्हणून परतीच्या दोन लोकलच्या वेळा आदल्या रात्री पाहून कागदावर लिहून ठेवा. त्यावरून माथा सोडायची वेळ ठरवा. आमच्या मते दुपारी अडीचच्या पुढे वर रेंगाळू नये: नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि घळीत अंधार त्याच्याही आधी येतो.

आता बूट. मुंबईत ट्रेकचा पहिला घोटाळा चपलांच्या कपाटातच झालेला असतो. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) सोल दमट हवेत आतून कुजतो, बूट न वापरताही. दिसायला नवाकोरा बूट दोन-तीन वर्षांनी बाहेर काढला की तासाभराच्या चालीत सोल जबड्यासारखा उघडतो. तीन दिवस आधी सोलच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबून पाहा, भुगा निघाला किंवा खोल वण राहिला तर तो बूट घरीच. साधे अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट या वाटेला पुरतात, फक्त खाच झिजलेली नको. तरीही सॅकमध्ये दोन मीटर नायलॉनची दोरी टाका, उघडलेला सोल बांधून स्टेशनपर्यंत येता येतं.

कपड्यांत सगळ्यात मोठा शत्रू कुसळ. कुसळी गवताच्या बीला मागे लांब पिळाची शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि बी स्क्रूसारखं आत शिरत जातं. घामट मोज्यात त्याला हवी ती ओल आयती मिळते. टोकावरचे केस मागे वळलेले असल्याने उलटं ओढलं की अडतं किंवा तुटतं, टोकाच्या दिशेने, म्हणजे मोजा उलटा करून आतून ओढा. लेगिंग, ट्रॅकपँट, विणीचे मोजे यांत कुसळं हमखास अडकतात. घट्ट विणीची गुळगुळीत सिंथेटिक पँट घाला आणि तिची मोहरी बुटावर चापून बसवा. बाह्या पूर्ण, मागे मान झाकणारी टोपी. परफ्यूम लावू नका, कड्याला आग्या मोहोळं असतात. शेकोटी-सिगारेट नको, ती मोहोळामुळेही आणि वाळक्या गवतामुळेही.

पाणी माणशी तीन लिटर. वर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नये. एक लिटरची एक बाटली ओआरएससाठी वेगळी ठेवा आणि पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं. खाण्यात दशमी, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, काकडी. केळी तळाशी गेली की तिचं शिकरण होतं, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

मळवलीहून एक्सप्रेसवेवरच्या पुलाने भाजे गावात या. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची लेणी बघायची तर तास वेगळा काढा. पुढे गायमुख खिंडीच्या दिशेने निघालं की विसापूर डाव्या हाताला, लोहगड उजव्या. गडावर घळीतून चढतात: मोठाले धोंडे आणि मोडक्या पायऱ्या. १८१८ मध्ये गड घेतल्यावर इंग्रजांनी बांधकाम पाडलं, त्यामुळे वाट अखंड नाही. पावसाळ्यात या पायऱ्यांवरूनच धबधबा वाहतो आणि नंतरही शेवाळ टिकतं, काळा-हिरवा चमकणारा दगड टाळून पाऊल टाका. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, मोबाइल खिशात.

वर पाऊल ठेवताच मागे वळून घळीच्या तोंडाचा फोटो काढा आणि ऑफलाइन नकाशावर खूण टाका. धुकं उतरलं की प्रत्येक कडा सारखीच दिसते, आणि चुकीच्या घळीत उतरणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. धुक्यात तट सापडला तर त्याच्या आतल्या बाजूने चालावं, मधल्या गवतातून अंदाजाने नव्हे. मधल्या गवतात खडकात कोरलेली टाकी आहेत आणि त्यांच्या काठांवरही गवत माजतं. काठी पुढे टेकत, मळलेली वाट धरून चाला. काठीच्या हादऱ्याने साप बहुधा बाजूला होतो, पण फुरसं (छोटा विषारी साप) जागीच बसून राहू शकतं. कड्याच्या टोकावर गवत पोकळ मातीवर उभं असतं, फोटोसाठी निदान दोन मीटर आत.

दुर्बीण असेल तर घ्या, वजन वसूल होतं. पश्चिमेला शेजारीच लोहगड आणि त्याची विंचूकाट्याची सोंड, दक्षिणेला पवनेचा जलाशय, त्याच्या दोन अंगांना तुंग आणि तिकोना, हवा स्वच्छ असेल तर वायव्येकडे राजमाचीची जोडशिखरं. पठारावर चुन्याच्या घाण्याचं मोठं दगडी चाकही आहे.

औषधांत १० सेंटिमीटरचं क्रेप बँडेज, फोडांसाठी मायक्रोपोर चिकटपट्टी, पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीसाठी सेटिरिझिन आणि चिमटा. साप चावला तर बांधू नका, कापू नका. पाय हलणार नाही असा आधार द्या आणि १०८ ला फोन करा. त्या फोनसाठी बॅटरी शिल्लक हवी: रेंज शोधण्यात मोबाइल सर्वांत लवकर उतरतो, म्हणून चढताना तो फ्लाइट मोडवर ठेवा. डोक्याला बांधायची बॅटरी (हेडटॉर्च) दिवसाच्या ट्रेकलाही घ्या. घळीत मोबाइलच्या उजेडाने उतरायचं तर एक हात जातो.

शेवटी दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या. एकीत कपड्यांचा जोड कोरडा राहतो. दुसरीत परतीला मळवलीच्या फलाटावरच मोजे काढून गाठ मारा, घरी ते इतर कपड्यांसोबत मशिनमध्ये टाकू नका. कुसळं बनियनमध्ये शिरली की पुढचे चार धुवे निघत नाहीत.